पॅकेज तीन लाखांचं, खात्यात सतरा हजार

लाखनी, साकोली, तुमसरची पोरं आयटीआय किंवा डिप्लोमा करून बाहेर पडली की त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात. वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचं अशोक लेलँड यांपैकी कुठे जागा निघते का ते पाहायचं, नाहीतर पुण्याची गाडी धरायची. मी पुण्याची धरली. भंडाऱ्याला कटून पंधरा हजार मिळत होते. पुण्याजवळच्या कंपनीच्या ऑफर लेटरवर सीटीसी होता तीन लाख. महिन्याला पंचवीस हजार, असा हिशेब घरी सगळ्यांनीच धरला.

पहिल्या पूर्ण महिन्याचे जमा झाले 17,157.

सॅलरी स्लिप घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. मूळ वेतन 12,500, घरभाडे भत्ता 5,000, विशेष भत्ता 1,500. एकूण 19,000, दरमहा मिळणारा ग्रॉस पगार एवढाच. बाकीच्या सहा हजारांत कंपनीने भरायचा पीएफ 1,500, ईएसआयचा कंपनीचा सव्वातीन टक्के वाटा 618, ग्रॅच्युइटीपोटी 601 आणि वर्षाअखेरच्या बोनस-इन्सेंटिव्हचे 3,281. वर 19,000 मधून माझा पीएफ 1,500, ईएसआय 143 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापला गेला. खोलीचं भाडं आणि मेस वजा जाता भंडाऱ्यापेक्षा कमीच उरू लागलं.

आकडा एकही खोटा नव्हता. पण ब्रेकअपचं पान रुजू झाल्यावर हाती दिलं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

यातला पीएफ तुमचाच पैसा आहे, तो वाया जात नाही. मात्र कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात. माझ्या 1,500 पैकी पीएफ खात्यात जेमतेम 459 पडायचे. ईएसआयही कामाचा, त्यात घरच्यांचे उपचार होतात. 21,000 पर्यंत पगार असेल तरच तो लागू होतो. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. कायम नोकरीत ती पाच वर्षांनंतर मिळते. 2025 च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ती दिली आहे. म्हणून नेमणूक कायम की मुदतीची, हे पत्रात नीट वाचा. इन्सेंटिव्हचं तर आणखी अधांतरी: किती हजेरीवर, कोणाच्या शेऱ्यावर, मधेच नोकरी सोडली तर मिळणार का, हे लेखी मागा.

एचआरला विचारायला आपली पोरं लाजतात, ऑफर मागे घेतील म्हणून भितात. सरळ विचारा, "सगळं कटून दरमहा खात्यात किती जमा होतील?" कॅन्टीन आणि बसचे पैसे कापतात का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. हा आकडा आणि ब्रेकअप ईमेलवर आल्याशिवाय हातातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.