धनुष्यबाण आणि उंबरखिंड

पूर्वी लढाईत धनुष्यबाण हे मोठे हत्यार होते. इंग्लंडमधले धनुष्य माणसाएवढे उंच असे. १४१५ साली फ्रान्समध्ये अजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच सैन्य चिखलात अडकले. इंग्रज तिरंदाजांनी त्यांच्यावर बाणांचा पाऊस पाडला आणि थोड्या सैन्याने मोठे सैन्य हरवले.

आपल्याकडेही असे झाले. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात चालला होता. उंबरखिंडीत वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झाडी. शिवाजी महाराजांचे मावळे झाडीत दबा धरून बसले होते. त्यांनी वरून बाण सोडले, दगडधोंडे टाकले. खानाला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. प्यायला पाणी पण मिळेना. शेवटी रायबागनने सांगितले म्हणून तो शरण आला. महाराजांनी खंडणी घेऊन त्याला सोडले.

तोड्याच्या बंदुकीत दारू ठासायला वेळ लागे. तेवढ्यात तिरंदाज कितीतरी बाण सोडी. मग धनुष्य मागे का पडले? कारण तिरंदाजीला लहानपणापासून सराव लागतो. बंदूक लवकर शिकता येते. आमच्या विट्याकडं ज्वारी राखायला गोफण मारतात, तिचंही तसंच आहे. सराव नसला की दगड भलतीकडंच जातो. म्हणून नुसते हत्यार असून भागत नाही, जागा आणि सराव पण पाहिजे.