अटलांटिक सिटीची फेरी आणि घरचा हिशेब

अटलांटिक सिटीत पहिला कॅसिनो १९७८ साली उघडला. भारतातून पाहुणे आले की तिकडे एक फेरी मारायची, वीस डॉलर घालवायचे आणि बोर्डवॉकवर फिरायचे, ही आपली रीत. या मंडळींबद्दल काही म्हणणे नाही.

जुगारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पत्ते कुटणारा पुरुषच येतो. बायका बहुधा उशिरा खेळू लागतात, पण एकदा सुरुवात झाली की व्यसन लवकर जडते, असे बऱ्याच पाहण्यांत आढळले आहे. स्लॉट मशीनपुढे कोणाशी बोलावे लागत नाही, चुकले तर कोणी हसत नाही. मुले कॉलेजला गेलेली, नवरा कामावर, आई तिकडे आजारी. मशीनपुढे तेवढे तीन तास डोके शांत राहते. जिंकणे हा मूळ हेतू नसतोच. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी या विकाराला दारूच्या व्यसनाच्या पंक्तीला बसवले. त्याच वर्षी न्यू जर्सीत इंटरनेटवरचा कॅसिनो कायदेशीर झाला, म्हणजे आता बाहेर पडायचीही गरज नाही.

आता हिशेब पाहू. मशीनने लावलेल्या रकमेपैकी निदान ८३ टक्के परत द्यावेत, असा न्यू जर्सीचा नियम आहे. समजा, मशीन ९० टक्के देते. ऐकायला बरे वाटते, पण हा दर प्रत्येक डावाचा आहे आणि परत मिळालेले पैसे पुन्हा मशीनमध्येच जातात. डॉलरचा डाव, मिनिटाला दहा डाव, म्हणजे तासाला ६०० डॉलर फिरतात आणि सरासरी ६० जातात. आठवड्यातून तीनदा, तीन-तीन तास धरले तर वर्षाला २८,००० डॉलर! शिवाय डॉलर लावून तीस सेंट मिळाले तरी मशीन दिवे लावून गाणे वाजवते. आणि ते 'फुकट' जेवण? तुम्ही किती हराल या अंदाजावरच ते दिले जाते.

क्रेडिट कार्डावर रोख रक्कम उचललेली दिसली तर चौकशी करा. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. मात्र 'लोक काय म्हणतील' म्हणून गुपचूप कर्ज फेडून टाकू नका. ते फिटले की खेळायला हात पुन्हा मोकळा होतो. आधी जोडखाते आणि कार्डे वेगळी करा. कॅसिनोच्या बंदी यादीत नाव स्वतःलाच घालावे लागते, नवऱ्याला ते करता येत नाही. मदतीचा फोन १-८००-४२६-२५३७, दिवसरात्र चालू असतो. घरच्या माणसांनीही तो करायला हरकत नाही.