तलावातील क्लोरीन : थोडी माहिती

आम्ही विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. आता मे महिन्याच्या सुट्टीत निपाणीकडची मुलेही बेळगावला जलतरण तलावावर जातात. पालक विचारतात, "सर, पाण्याला वास येतो, मुलांचे डोळे चुरचुरतात, क्लोरीन फार घालतात काय?" बहुधा उलटे असते. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनते, उग्र वास त्याचा. म्हणजे जंतू मारणारे मोकळे क्लोरीन कमी पडलेले असते.

मिठाच्या पाण्याच्या तलावात क्लोरीन नसते, हाही गैरसमजच. तेथे लिटरमागे साधारण ३ ग्रॅम मीठ असते (समुद्रात ३५). त्या पाण्यातून वीज सोडली की मिठातूनच क्लोरीन निघते.

मोकळे क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. मिठाच्या तलावात पीएच वर चढत राहतो आणि तो ८ च्या पुढे गेला की क्लोरीन असूनही त्याचा जोर उरत नाही. शिवाय कडक ऊन क्लोरीन खाते, वळीव पडला की मीठ पातळ होते. म्हणून यंत्रावर विसंबून चालत नाही, चाचणी रोज हवी. पालकांनी तलावावर तिची नोंदवही जरूर मागावी. मुलांनीही लघवी करून, अंग धुऊनच पाण्यात उतरावे.