फुकटचा नकाशा आणि बाहेर मांडलेली चूल



या वेळचा पाठ माझ्या एका चुकीपासून सुरू करतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही एका पाड्यावर मुलांसाठी स्वयंपाकघर बांधले. शहरातल्या एका वास्तुविशारद बंधूंनी नकाशा विनामूल्य काढून दिला. माणूस मनाचा मोठा. पण पाडा त्यांनी पाहिला नव्हता, आणि एकदा येऊन पाहा, असे मीही म्हटले नाही. वर पत्रे, आत गॅसचा ओटा, पश्चिमेला मोठी खिडकी. पहिल्याच पावसात पाणी थेट ओट्यावर. सिलिंडरची गाडी पाड्यापर्यंत येईना, म्हणून आत चूल पेटली आणि धुराला वाट मिळेना. आज मावशी बाहेर मांडव घालून रांधतात. आत सरपण ठेवतात. उद्घाटनाचे फोटो मी तुम्हांला पाठवले होते. हे कळवायचे राहिले, म्हणजे खरे तर टाळले.

निर्गमच्या ३१व्या अध्यायात निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलाचे कौशल्य हे देवाने दिलेले दान म्हटले आहे. तेव्हा कौशल्य अर्पण करणे चांगलेच. पण ते कसे अर्पण करावे, हे मला लॉरी बेकर यांच्याकडून शिकावे लागले.

बेकर १९१७ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला जन्मले. क्वेकर पंथाचे. युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना ते मुंबईत जहाजासाठी थांबले, तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर जवळच्या, पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याने बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा राहिला. १९४५ मध्ये ते कुष्ठरोग्यांमध्ये काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात आले. आल्यावर कळले की माती, जांभा दगड, शेण यांविषयी आपल्याला काहीच येत नाही. मग पदवी बाजूला ठेवून हिमालयात पिथोरागढला गावकऱ्यांची दगड-लाकडाची घरे पाहत ते शिकले. पुढे केरळात त्यांनी जे बांधले, त्यात हे शिक्षण दिसते. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची: सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि भिंत कमी तापते. खिडकीऐवजी विटांची जाळी ठेवायची: उजेड व वारा आत, खर्च कमी.

जाळीचे वाचले तेव्हा मला पाड्यावरच्या घरांची आठवण झाली. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौल किंवा गवत. धूर फटींतून आपोआप निघून जातो. इतकी वर्षे त्या घरांत बसून चहा प्यालो, पण हे लक्षात आले नाही! मावशींना ते ठाऊक होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘पब्लिक आर्किटेक्चर’ या संस्थेने वास्तुविशारदांकडे कामाच्या वेळेचा एक टक्का लोकसेवेसाठी मागितला. वर्षाचे २,०८० तास धरले तर माणशी सुमारे २० तास होतात. आपल्या मंडळ्यांतही इंजिनिअर, वास्तुविशारद, ड्राफ्ट्समन आहेत. माझे मागणे असे की त्या २० तासांतले पहिले दहा तरी पाड्यावर घालवा, कागद न उघडता. चूल कुठे आहे, पाऊस कुठून झोडपतो, दुपारी म्हातारी माणसे कुठे बसतात, ते पाहा.

आणि देणगीदारांनो, तुमच्याकडेही एक मागणे. आपण विटा, सिमेंट, पत्रे यांसाठी आनंदाने देतो; प्रवासखर्च म्हटले की हात आखडतो. मीही तो हिशेबात लाजत लाजतच लिहीत असे. पण दोन फेऱ्यांचे बसभाडे वाचवले आणि आख्खी इमारत वाया घालवली. या वेळी पहिला खर्च तोच धरला आहे.

पावसाळा उघडला की त्या स्वयंपाकघराची दुरुस्ती काढायची आहे. पश्चिमेची खिडकी बुजवायची, उलट्या बाजूला वरच्या अंगाला विटांची जाळी काढायची, ओटा फोडून चूल आत घ्यायची, एवढे मावशींशी बोलून ठरले. नकाशा काढणारे तेच बंधू आहेत; मी सगळे सांगितल्यावर तेच म्हणाले, या वेळी मुक्कामाला येतो.

मावशींनी एक अट आधीच घातली आहे. “दादा, चूल अशी मांडा की भाकर थापताना अंगणातली पोरं दिसली पाहिजेत.”