गर्भाचे पहिले दिवस आणि प्रथिनांचे कार्य

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून बाह्यफलनाने बालक जन्मास आले. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे १९७८ मध्येच साधले होते, हे पुढे आनंद कुमार यांनीच मान्य केले. असा प्रांजळपणा विरळा.) या तंत्रामुळे गर्भाचे पहिले दिवस प्रत्यक्ष पाहता येऊ लागले.

फलनानंतर आरंभी गर्भाची स्वतःची जनुके बहुतांशी निद्रिस्त असतात. स्त्रीबीजात मातेने आधीच साठविलेली प्रथिने व त्यांचे आराखडे यांवरच पेशीविभाजन चालते. उंदरात गर्भाची जनुके दोन पेशींच्या, तर मानवात चार ते आठ पेशींच्या अवस्थेत प्रामुख्याने जागृत होतात. ‘मेटर’ हे प्रथिन ज्या उंदरिणीच्या बीजात नसते, तिचे गर्भ दोन पेशींवरच थांबतात. नराकडून ते जनुक मिळूनही उपयोग होत नाही. येथे मातृज भावांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि कललावस्था म्हणजे अमुक प्रथिन, असे समीकरण मांडणे आम्हांस उचित वाटत नाही.

पुढे ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना परस्परांशी घट्ट बांधते. त्यामुळे आतील व बाहेरील असा भेद पडतो. बाहेरील पेशींत सीडीएक्स-२ प्रबळ होऊन त्यांपासून अपरेचा भाग घडतो. आतील पेशींत ऑक्ट-४ टिकते व त्यांतूनच देह आकारास येतो. सुमारे सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयास चिकटू लागतो आणि एचसीजी स्रवू लागतो. मूत्रपरीक्षेत आढळते ते हेच.

म्हणजे पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. आचोळे परिसरात काय किंवा अन्यत्र काय, मलावष्टंभ वा अम्लपित्तासाठी औषध मागणाऱ्या स्त्रीला गर्भधारणेची कल्पना असतेच असे नाही. म्हणून विरेचन योजण्यापूर्वी वा रसकल्प देण्यापूर्वी वैद्यांनी, तसेच औषधालयचालकांनीही, शेवटच्या पाळीची तारीख विचारावी. शंका असल्यास आधी मूत्रपरीक्षा करवावी. मज्जारज्जूची नलिका फलनापासून सुमारे २८ व्या दिवसापर्यंत मिटते. यास्तव अपत्य इच्छिणाऱ्या स्त्रीस गर्भधारणेपूर्वीपासूनच प्रतिदिन ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुचवावे. पहिल्या तपासणीच्या वेळी आरंभ केल्यास बहुधा उशीर झालेला असतो.