नातं एक, फायली दोन

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुलूखभर पांगलेली आहेत. केरळ असो की बंगाल, सराफ बाजाराच्या बोळात विट्याकडचा गलाईवाला भेटतोच. माझ्या वडिलांचंही आंध्रात दुकान होतं. त्यामुळं घरातला माणूस दूर असणं आम्हांला नवं नव्हतं. नवं होतं ते दादाचं अमेरिकेला जाणं. तो गेला रीतसर, पर्यटक व्हिसावर, विमानतळावर शिक्का मारून घेऊन. पण मुदत संपल्यावर परतला नाही. आज तो न्यू जर्सीत राबतो, आईच्या औषधाला न चुकता पैसे पाठवतो. तिथं राहण्याचा परवाना मात्र त्याच्याकडं नाही.

पुढं माझं लग्न ठरलं ते अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलाशी. मुलगा कोरेगाव तालुक्यातला. दादाची हकिगत आम्ही पहिल्या बैठकीतच सांगून टाकली आणि सासरच्यांनी ती समजून घेतली. लग्न कराडला झालं. मग प्रश्न उरला तो कागदांचा. नवऱ्यानं माझ्यासाठी अर्ज करायचा, मुंबईत मुलाखत व्हायची, आणि त्यात दादाचं काय सांगायचं?

त्या दिवसांत घरी येणाऱ्या प्रत्येकाकडं एकेक सल्ला होता. त्यांतले चार इथं मांडते. सातारा-सांगलीच्या बैठकीत ते आजही ऐकू येतात आणि चारही नुकसान करणारे आहेत.

पहिला सल्ला : ‘एकुलती एक आहे म्हण’

फॉर्म भरून देणाऱ्या एका एजंटानं हे अगदी सहज सांगितलं. आईलाही ते पटलं, पण तिचं कारण वेगळं होतं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. हातापायांत बेड्या घातलेली ती माणसं टीव्हीवर पाहिल्यापासून तिला एकच भीती होती, की आपल्याच तोंडून दादाचा पत्ता लागेल.

नवऱ्यानं अमेरिकेतल्या परवानाधारक वकिलाला गाठलं, तेव्हा गाठ सुटली. भावाचा परवाना संपलेला असणं हे बहिणीचा व्हिसा नाकारण्याचं कायदेशीर कारणच नाही. नवरा जो आय-१३० अर्ज भरतो आणि नंतर आपण जो डीएस-२६० भरतो, त्यांत आई-वडील, जोडीदार, मुलं यांची माहिती मागतात. भावंडांचा दर्जा विचारत नाहीत. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मात्र अमेरिकेत सख्खं भावंड आहे का आणि त्याचा दर्जा काय, हा थेट प्रश्न असतो. तुम्ही किंवा आईनं पूर्वी कधी तसा अर्ज केला असेल, तर ते उत्तर अमेरिकेच्या नोंदीत आहे. आज दिलेलं उत्तर त्याच्याशी ताडून पाहिलं जाऊ शकतं.

खोटं बोलणं हे मात्र नाकारण्याचं कारण आहे. अधिकाऱ्यानं ते जाणूनबुजून बोललेलं महत्त्वाचं खोटं धरलं, तर अमेरिकेचा दरवाजा जन्मभरासाठी बंद होतो. माफीचा अर्ज करता येतो, पण आपल्या नागरिक नवऱ्याला विलक्षण हालअपेष्टा सोसाव्या लागतील, हे त्यासाठी सिद्ध करावं लागतं. नुसता विरह त्यात मोजत नाहीत.

आईच्या भीतीवर मी तिला एवढंच म्हणाले, की दादा कोणत्या तारखेला आत आला आणि कधीपर्यंत राहायची मुभा होती, हे त्यांच्या संगणकात आधीपासून आहे. आपण नवं काही सांगत नाही.

मुलाखतीत प्रश्न आलाच, आणि आला तो लग्नाच्या फोटोंवरून. नवरदेवाचा कान पिळायला माझा चुलतभाऊ उभा होता. सख्खा भाऊ कोणता, असं अधिकाऱ्यानं विचारलं. मी म्हणाले, “तो अमेरिकेत आहे. पर्यटक व्हिसावर गेला होता, परत आला नाही.” अधिकाऱ्यानं काहीतरी टाइप केलं आणि पुढचा प्रश्न माझ्या नवऱ्याच्या नोकरीचा होता.

विचारलं तेवढंच सांगावं. माहीत आहे ते सरळ सांगावं, माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणावं. अंदाज बांधून बोलू नये आणि न विचारलेली कहाणीही ऐकवू नये.

दुसरा सल्ला : ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बघू’

नवऱ्याकडं राहायलाच जायचं हे मनात ठेवून ‘फिरायला चालले’ असं लिहिणं, हेही खोटंच. आत गेल्यावर थोड्याच दिवसांत कायम राहण्याचा अर्ज केला, तर आधीचा हेतू तपासला जातो. शिवाय नवरा नागरिक आणि भाऊ मुदत उलटून राहिलेला, अशा मुलीला पर्यटक व्हिसा मिळण्याची शक्यता मुळात कमी. त्या नकाराची नोंद मागं राहते ती वेगळीच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पासपोर्टवरचा व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी राहण्याची मुभा तेवढी नसते. विमानतळावर जी आय-९४ नोंद होते, तिच्यावरची तारीख खरी. पर्यटकाला ती बहुधा सहा महिन्यांची मिळते. व्हिसाची तारीख बघून निवांत राहिलेली आणि त्यातच अडकलेली माणसं आहेत.

तिसरा सल्ला : ‘दादालाच जामीन राहू दे’

अर्जासोबत आय-८६४ हे हमीपत्र लागतं. ते नवऱ्यानंच द्यायचं असतं. त्याचं उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनी दोघांच्या घराला वर्षाला सुमारे २६,४०० डॉलर. ते कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो, पण तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा. दादा कितीही कमावत असला तरी त्याची सही इथं चालत नाही. आणि हे हमीपत्र म्हणजे शेजारधर्माची सही नव्हे. घटस्फोट झाला तरी त्याची जबाबदारी संपत नाही. म्हणून सासरच्या नात्यातल्या कुणाला गळ घालताना त्याला हे आधी सांगा.

पत्त्याचंही तसंच. जिथं राहणार तोच पत्ता लिहायचा, म्हणजे नवऱ्याचा. सोयीसाठी दादाच्या घरचा पत्ता दिला, की दोन वेगळ्या गोष्टी विनाकारण एका कागदावर येतात.

चौथा सल्ला : ‘तू पोचलीस की दादाचं काम झालं’

आईची सगळी आशा यावर होती आणि तिला ‘नाही’ म्हणणं मला सगळ्यांत जड गेलं. ग्रीन कार्डधारक बहिणीला भावासाठी अर्जच करता येत नाही. नागरिक नवऱ्यासोबत राहून तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ते मिळाल्यावर भावाचा अर्ज करता येतो, पण त्या रांगेत २०२५ साली भारतीयांचे २००६ मधले अर्ज निघत होते. नंबर लागला तरी परवान्याविना राहिलेल्या भावाला तिथं बसून कार्ड मिळत नाही, त्यासाठी बाहेर यावं लागतं. आणि बाहेर पाऊल टाकलं की १९९६ चा कायदा आडवा येतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिलेल्याला तीन वर्षं आणि वर्षभर किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षं परत येता येत नाही.

म्हणूनच दादा माझ्या लग्नाला नव्हता. त्याला ‘ये’ म्हणायचा मोह सगळ्यांना झाला होता. अशा घरांना माझं सांगणं आहे, की लग्न असो की आई-बापाचं आजारपण, वकिलाला विचारल्याशिवाय त्याला बोलावू नका आणि आला नाही म्हणून बोलही लावू नका.

डंकीनं गेलेल्यांच्या घरी

भाऊ शिक्का मारून आत आला की चोरवाटेनं, म्हणजे डंकीनं, यानं फार फरक पडतो. शिक्क्यानं आलेल्यानं पुढं नागरिक मुलीशी खरं लग्न केलं, तर मुदत उलटलेली असूनही त्याला तिथूनच अर्ज करण्याची वाट बहुधा मिळते. चोरवाटेनं आलेल्याला ती सहसा मिळत नाही.

त्याची झळ बहिणीलाही लागू शकते. कुणाला बेकायदा आत यायला मदत केली का, असा प्रश्न डीएस-२६० मध्ये आहे. भावाच्या डंकीसाठी तुम्ही जाणूनबुजून एजंटाला पैसे भरले असतील, तर ती मदतच ठरू शकते आणि त्यावरून तुमचा स्वतःचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. यातली सवलत जोडीदार, आई-वडील किंवा मुलांना मदत केली असेल तरच आहे. भावंडांसाठी नाही. दागिने मोडून भावाला पाठवणाऱ्या बहिणींनी हे वाचावं. असा व्यवहार झाला असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला सगळं खरं सांगा.

मला अडवलं ते आईच्या नावानं

इतकं करून मुलाखतीच्या शेवटी हातात कागद पडला तो अपुऱ्या कागदपत्रांचा. दादाचा त्यात संबंध नव्हता. माझा जन्म आजोळी झाला, त्यामुळं ग्रामपंचायतीच्या नोंदीत आईचं माहेरचं नाव होतं. लग्नात तिचं नाव बदललेलं, म्हणून माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर सासरचं. तिकडच्या अधिकाऱ्याच्या लेखी या दोन निराळ्या बायका. मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आईचे जुने दाखले आणि आजोळच्या जाणत्या माणसांची शपथपत्रं, हे सारं गोळा केल्यावर व्हिसा मिळाला.

सातारा-सांगलीत हे घरोघरी आहे, म्हणून अर्ज भरण्याआधीच कपाट उघडा.

जन्मदाखला : बाळाचं नाव, आई-वडिलांची नावं, तारीख पासपोर्टशी जुळते का पाहा. जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, ते आधी घालून घ्या. नोंदच नसेल तर तसा ‘अनुपलब्धता दाखला’ घ्या आणि सोबत शाळेचा दाखला, शपथपत्रं जोडा. गलाईवाल्यांची मुलं परराज्यात जन्मलेली असतात. त्यांचे तेलुगू, तमिळ दाखले तिथूनच नव्यानं काढावे लागतात. त्यात वेळ जातो.

विवाहनोंदणी : पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणं ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून नमुना ‘ई’ चं प्रमाणपत्र घ्या. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं नाही. बदलायचं असेल तर अर्जाच्या मधोमध बदलू नका.

पोलिसांचा दाखला : पोलीस ठाण्याचं साधं पत्र चालत नाही. पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळणारं प्रमाणपत्र लागतं. सातारा आणि सांगली दोन्ही पुण्याच्या कार्यालयाखाली येतात.

भाषांतर : मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन हवं. परराष्ट्र खात्याचं ‘अपोस्टिल’ प्रमाणीकरण या कामाला लागत नाही. ते करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

ठरवून केलेल्या लग्नाबद्दल संकोच नको. स्थळ कुणी आणलं, बैठक कुठं झाली, हे दोघांना सारखं सांगता आलं पाहिजे. दोन्ही घरच्या माणसांचे फोटो, कार्यालयाच्या पावत्या, फोनवरचं बोलणं हे सगळं पुरावा असतं.

मुलींसाठी दोन शब्द

अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर मिळणारं कार्ड दोन वर्षांचंच असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून कार्ड कायम करण्याचा आय-७५१ अर्ज करायचा. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. संसार मोडला किंवा घरात मारहाण असेल, तर हा अर्ज बाईला एकटीनंही करता येतो. ‘सही करणार नाही’ या धमकीला घाबरून कुणी सोसत राहू नये. कार्ड आणि पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा. आणि कुठल्याही मुलाखतीला जाताना परवाना नसलेल्या नातेवाइकाला सोबत नेऊ नका.

मी अमेरिकेत पोचल्यावर दादाला पहिलं सांगितलं ते स्वतःचा वकील करायला. माझा वकील त्याचा नाही. त्याचा जुना पासपोर्ट, आय-९४, कराच्या पावत्या हे त्याच्या फायलीत राहील, माझ्या फायलीत नाही. भाऊबीज आम्ही एकत्र केली, अर्ज एकत्र केला नाही.

तुमच्या घरात असं स्थळ आलं असेल आणि एखादा भाऊ, मामा तिकडं परवान्याविना असेल, तर साखरपुड्याआधी दोन्ही घरांनी समोरासमोर बसून बोलून घ्या. मुलाकडच्यांचाही एखादा असू शकतो, तेही विचारा. हे विचारण्यात मानपान आड येऊ देऊ नका, कारण सही मुलीची असते आणि त्या सहीखालच्या प्रत्येक अक्षराला तीच जबाबदार असते.