विटांची आगगाडी

प्रस्तावना

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागात जयनगर ही आखीव वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच तिची उभारणी सुरू झाली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग ही तिची ओळख. जून २०१७ पासून या वसाहतीतून, उंच खांबांनी पेललेल्या पुलावरून, ‘नम्म मेट्रो’ची हिरवी मार्गिका धावते. ‘नम्म’ या कन्नड शब्दाचा अर्थ ‘आपली’ असा आहे. या मार्गिकेवर जयनगर नावाचे स्थानकही आहे.

आता असे समजा, की ही गाडी एका मेजावर धावेल एवढ्या आकारात तयार करायची आहे. साहित्य म्हणून लाकूड, पत्रा किंवा पुठ्ठा वापरायचा नाही. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या, मुलांच्या खेळण्यांतील प्लॅस्टिकच्या विटाच तेवढ्या वापरायच्या आहेत. हे काम वरवर पोरखेळ वाटेल. प्रत्यक्षात त्यात मोजमाप, गुणोत्तर, निरीक्षण आणि निर्णय या चारही गोष्टींची कसोटी लागते. ती कशी, हे या पाठात पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला—

- प्रतिकृती म्हणजे काय, हे स्पष्ट करता येईल;
- प्रमाण ठरवण्याची रीत उदाहरणाने सांगता येईल;
- वळणावर लांब डब्याचे काय होते, याचे कारण देता येईल;
- तांत्रिक विषयावरील माहिती क्रमवार व नेमक्या शब्दांत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. छंदाची परंपरा

आगगाडीची लहान प्रतिकृती करण्याचा छंद जगभर आहे. महाराष्ट्रात त्याचे ठळक उदाहरण पुण्यात आढळते. कोथरूड भागात ‘जोशीज् म्यूझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले. तेथे एक संपूर्ण लघुनगर मांडलेले आहे. रूळ, सिग्नल, पूल, रस्त्यांवरचे दिवे, घरे आणि या सर्वांमधून धावणाऱ्या अनेक गाड्या असे त्याचे स्वरूप आहे. प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात जे दिसते, त्यामागे कित्येक वर्षांची चिकाटी असते.

अशा संग्रहालयांतील गाड्या बहुधा साच्यातून घडवलेल्या असतात. त्यांचा आकार मूळ गाडीशी तंतोतंत जुळवता येतो. जगात अधिक प्रचलित असलेल्या एका प्रमाणात प्रतिकृती मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी असते. विटांची आगगाडी करणाऱ्याला मात्र एवढे स्वातंत्र्य नसते. जी वीट हाती आहे, तिच्याच मापात त्याला सारे जग बसवावे लागते.

२. वीट

या विटांचा जन्म डेन्मार्क देशातील बिलुंड गावी झाला. ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये तेथे लाकडी खेळणी बनवण्यास प्रारंभ केला. त्याच्या उद्योगाला पुढे ‘लेगो’ हे नाव मिळाले. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून ते तयार झाले आहे. आज ओळखीची असलेली वीट २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली गेली. तिच्या माथ्यावर गोल उंचवटे असतात व पोटात पोकळ नळ्या असतात. एका विटेचे उंचवटे दुसरीच्या नळ्यांत व कडांत दाबून बसतात, आणि गोंद किंवा खिळा न वापरता जोड पक्का होतो. सोयीसाठी या उंचवट्यांना आपण ‘खुंट्या’ म्हणू.

दोन शेजारच्या खुंट्यांच्या केंद्रांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, तर पातळ विटेची उंची तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. या तीन आकड्यांवर संपूर्ण रचना उभी आहे. पाच पातळ विटा एकावर एक ठेवल्या, की त्यांची उंची १६ मिलिमीटर होते. ती बरोबर दोन खुंट्यांच्या रुंदीएवढी असते. त्यामुळे काही विटा आडव्या बसवूनही जोड बिनचूक जुळतो. गाडीच्या बाजूवरचा रंगीत पट्टा किंवा पुढील भागाचा उतार याच युक्तीने साधतात.

साहित्य मर्यादित असले, तरी शक्यता मर्यादित नसतात. एकाच रंगाच्या, दोन गुणिले चार खुंट्यांच्या केवळ सहा विटा घेतल्या, तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजून दाखवले आहे.

३. प्रमाणाचा पेच

प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा किती पट लहान आहे, हे सांगणाऱ्या संख्येस ‘प्रमाण’ म्हणतात. बंगळुरूच्या मेट्रोचा डबा सुमारे २.९ मीटर रुंद व सुमारे २१ मीटर लांब असतो. तिच्या दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. भारतीय रेल्वेच्या रुंदमापी मार्गावर हेच अंतर १,६७६ मिलिमीटर असते.

विटांच्या आगगाडीसाठी मिळणाऱ्या तयार रुळांमधील अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर असते. १,४३५ ला ३७.५ ने भागले, तर उत्तर सुमारे ३८ येते. म्हणजे रुळांवरून ठरवलेले प्रमाण ३८ झाले. या प्रमाणात डब्याची रुंदी सुमारे ७६ मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ खुंट्या भरते. अर्धी खुंटी सहसा मिळत नाही. शिवाय एवढ्या रुंद डब्याची लांबी ५५ सेंटिमीटर होते.

म्हणून अनेक छांदिष्ट आठ खुंट्यांची, म्हणजे ६४ मिलिमीटरची रुंदी पसंत करतात. २,९०० ला ६४ ने भागले, की प्रमाण सुमारे ४५ येते. या प्रमाणात डब्याची लांबी सुमारे ४६७ मिलिमीटर, म्हणजे ५८ खुंट्या होते. डबा आता आटोक्यात आला, पण त्यासाठी एक किंमत मोजावी लागली. ४५ या प्रमाणात रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असावयास हवे होते. प्रत्यक्षात ते साडेपाच मिलिमीटरने अधिक आहे. डबा खरा ठेवला, की रूळ खोटे ठरतात. रूळ खरे ठेवले, तर डबा विटांच्या मापात बसत नाही. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. कोणते सत्य राखायचे, हे करणाऱ्याला ठरवावे लागते.

४. वळणाची कसोटी

खरा पेच पुढेच आहे. कपाटात ठेवलेली गाडी कितीही लांब असली, तरी चालते. धावणाऱ्या गाडीला वळावे लागते. तयार रुळांचे नेहमीचे वळण असे असते, की सोळा तुकडे जोडले म्हणजे एक वर्तुळ पूर्ण होते. त्या वर्तुळाची त्रिज्या, रुळांच्या मध्यापर्यंत मोजली, तर ४० खुंट्या, म्हणजे ३२० मिलिमीटर भरते.

प्रत्येक डब्याखाली दोन्ही टोकांना चाकांचा एकेक गाडा असतो. हे दोन्ही गाडे रुळांवर राहतात आणि वळतात. त्यांच्यामधला डबा मात्र सरळच असतो. वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा जशी वर्तुळाच्या आतून जाते, तसा डब्याचा मधला भाग रुळांच्या आतील बाजूस सरकतो. दोन गाड्यांमधील अंतर ३०० मिलिमीटर ठेवले, तर डब्याचा मध्य सुमारे ३७ मिलिमीटर आत येतो. वळणाच्या आत उभारलेला सिग्नल, खांब किंवा फलाट त्याच्या वाटेत आला, तर टक्कर अटळ असते. हेच अंतर १६० मिलिमीटर केले, तर डब्याचा मध्य सुमारे १० मिलिमीटरच आत येतो, आणि गाडी निर्वेध वळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, वळण मोठे करणे. त्याला जागा लागते. दुसरा, डबा आखूड करणे. त्याने गाडीचे रूप बदलते. लहान घरात राहणाऱ्याला बहुधा दुसराच उपाय परवडतो. ५८ खुंट्यांचा डबा ३६ खुंट्यांचा केला, की एकेक खिडकी व एकेक दार यांचा नव्याने विचार करावा लागतो. दारांची संख्या तीच ठेवून ती अरुंद करावीत, की दारांची रुंदी राखून संख्या कमी करावी? याचे एकच उत्तर नाही. परंतु पाहणाऱ्याने “ही आपलीच मेट्रो” असे क्षणात ओळखले पाहिजे. ज्या खुणांवरून गाडी ओळखू येते, त्या राखाव्यात, बाकीच्या सोडाव्यात. त्या खुणा कोणत्या, हे कळण्यासाठी मूळ गाडीचे बारकाईने निरीक्षण हाच एक मार्ग आहे.

५. चालना

मेट्रोला वीज रुळांच्या शेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून मिळते. बंगळुरूमध्ये तिचा दाब ७५० व्होल्ट आहे. विटांच्या आगगाडीने विजेचे अनेक प्रयोग पाहिले. १९६६ च्या पहिल्या विजेरी गाडीत साडेचार व्होल्टची बॅटरी होती. १९९१ मध्ये धातूचे आवरण असलेल्या रुळांमधून ९ व्होल्टची वीज थेट मोटरीपर्यंत पोहोचू लागली. ही पद्धत पुढे बंद झाली. २०१८ पासूनच्या प्रकारात बॅटरी गाडीतच असते आणि गाडी दूरनियंत्रकाने किंवा मोबाइलने चालवता येते.

बॅटरी गाडीत आली, की तिच्यासाठी डब्यात जागा सोडावी लागते. तिचे वजन चाकांवर येते, त्यामुळे चाकांची पकड वाढते; पण डबे अधिक जोडले, तर तीच मोटर दमते. त्यामुळे सौंदर्याचा प्रत्येक निर्णय वजनाच्या काट्यावरही तोलावा लागतो.

६. आराखड्यापासून गाडीपर्यंत

अनुभवी छांदिष्ट कामाचा क्रम काळजीपूर्वक ठरवतो. प्रथम तो मूळ गाडीची मापे व छायाचित्रे जमवतो. त्यानंतर चौकटीच्या कागदावर किंवा संगणकावर आराखडा काढतो. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन याने १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही संगणकप्रणाली तयार केली. तिच्यामुळे विटा विकत घेण्यापूर्वी पडद्यावर जोडून पाहणे शक्य झाले. तिच्या धर्तीवर पुढे इतर प्रणालीही आल्या.

बांधणी करताना आधी तळ व चाकांचे गाडे तयार करावेत. भिंती उभारण्यापूर्वीच हा सांगाडा सर्वांत कठीण वळणावरून दोन्ही दिशांनी चालवून पाहावा. दोष याच टप्प्यावर सापडला, तर तो दूर करण्यास दहा विटा काढाव्या लागतात. छत बसवल्यावर सापडला, तर सारी गाडी मोडावी लागते. भिंती रचताना गवंड्याचा नियम पाळावा, म्हणजे खालच्या थरातील सांध्यावर वरचा सांधा येऊ देऊ नये. गवंडी हे भिंत टिकावी म्हणून करतो. येथे ते गाडी हातात उचलल्यावर दुभंगू नये म्हणून करायचे.

७. लहान गाडी, मोठी गाडी

जो प्रश्न मेजावरील गाडीला पडतो, तोच खऱ्या मेट्रोच्या अभियंत्यालाही पडतो. वळणावर फलाट बांधला, तर डबा व फलाट यांमधील फट वाढते आणि प्रवाशाचा पाय त्यात अडकण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून स्थानके शक्यतो सरळ मार्गावर ठेवतात. जयनगरच्या फलाटावर उभे राहून ती फट ज्याने एकदा जाणतेपणाने पाहिली, त्याला मेट्रोच्या आखणीमागचा विचार वेगळा शिकवावा लागत नाही.

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूची केवळ लहान नक्कल नव्हे. काय राखायचे आणि काय सोडायचे, याचा तो विचारपूर्वक केलेला निवाडा असतो. हे काम हाताने करणाऱ्या माणसाला भूमितीचे सूत्र पाठ नसेल; पण त्या सूत्राचा अर्थ त्याच्या बोटांना ठाऊक झालेला असतो. शाळा सुटलेल्या वयातही असे ज्ञान मिळवता येते.

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.

१. दोन शेजारच्या खुंट्यांच्या केंद्रांमधील अंतर ______ मिलिमीटर असते.
२. सोळा वक्र तुकडे जोडले, की एक ______ पूर्ण होते.
३. पुण्यातील लघुरेल्वेचे संग्रहालय ______ भागात आहे.

आपण काय शिकलो

- विटांच्या मापामुळे प्रतिकृतीच्या मापांवर मर्यादा येते.
- डबा व रूळ यांचे प्रमाण एकाच वेळी जुळवता येत नाही. निवड करावी लागते.
- लांब डबा वळणावर आतील बाजूस सरकतो. म्हणून तो आखूड करावा लागतो किंवा वळण मोठे करावे लागते.
- ओळखीच्या खुणा राखणे हा चांगल्या प्रतिकृतीचा गाभा आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘डबा खरा ठेवला, की रूळ खोटे ठरतात’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. भिंती उभारण्यापूर्वी सांगाडा वळणावर का चालवून पाहावा?
३. तुमच्या घरातील खोलीची लांबी व रुंदी मोजा. ५० हे प्रमाण धरून तिची प्रतिकृती किती खुंट्यांची होईल, ते काढा.
४. तुमच्या गावातील एखादी इमारत, पूल किंवा वाहन निवडा. त्याची प्रतिकृती करताना कोणत्या तीन खुणा राखाल व कोणत्या सोडाल, ते कारणांसह दहा ओळींत लिहा.
५. भाषाभ्यास : पाठातील ‘आटोक्यात येणे’, ‘किंमत मोजावी लागणे’ व ‘कसोटी लागणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.